गाडीत दोष नाही

मी मुळात संशयी माणूस. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपलांकडे बघता आणि मग देवाकडे. खोटं नव्हतं ते. पण माझ्या धंद्यात हा दुर्गुण नव्हता, भांडवल होतं. मोटारींच्या विजेची कामं करायचो मी. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी वर्कशॉपात शिकलेलो, लढाई संपल्यावर वर्कशॉप उठलं, मग तिथेच कल्याणात एक गाळा घेऊन दुकान टाकलं. वडील ठाण्याला शाळामास्तर. मुलगा मॅट्रिक होऊन काळ्या हातांनी जेवायला बसतो, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं.

वर्कशॉपात एक मद्रासी हवालदार होता, त्याने मला ही विद्या दिली. इंजिनाचा बिघाड आवाज करतो, धूर काढतो, तेल गाळतो. विजेचा बिघाड काहीच करत नाही. वायर वरून धडधाकट दिसते आणि आत तुटलेली असते. तेव्हा आधी सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि खात्री पटेल तसं एकेकीला सोडून द्यायचं. शेवटी जी उरेल ती गुन्हेगार. मी हे इतकं मनावर घेतलं की पुढे माणसांनाही तोच नियम लावू लागलो. फरक एवढाच की माणसाला सोडायला मला फार वेळ लागायचा.

फाळणीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट आहे. कल्याणात लाकडाची वखार असलेल्या एका शेटनी लष्कराच्या लिलावातून जीप घेतली. त्यांचा माल मुरबाडच्या पलीकडच्या जंगलातून यायचा. तिथल्या रस्त्यांवर साधी मोटार पहिल्याच ओढ्यात बसकण मारायची. ही जीप चारही चाकांनी ओढायची, चिखलातून, दगडगोट्यांतून कुठूनही निघायची. शेटना तिचं इतकं कौतुक की पाहुणे आले की आधी जीप दाखवायची आणि मग चहा.

तिच्यावर ड्रायव्हर होता खाडीकाठच्या कोपर गावचा. आगरी, असेल पंचविशीचा. भाऊ, बाप, चुलते सगळे खाडीत रेतीच्या होड्यांवर. बुडी मारून रेती काढायची, छाती फुटेस्तोवर. हा एकटाच त्यातून सुटलेला. लढाईत लष्कराच्या ट्रकवर क्लीनर होता, तिथे गाडी शिकला आणि त्यांच्या पाड्यात मोटार चालवणारा पहिला माणूस ठरला. घरी तान्हं मूल होतं. ही नोकरी गेली तर त्याला परत होडीवरच जायचं होतं, हे तो स्वतःच मला एकदा बोललेला. बाकी फार बोलत नसे. न बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच राग. वाटायचं, आत काय चाललंय याच्या?

वैशाखात शेटचा निरोप आला की गाडी सकाळी सुरूच होत नाही. रात्रभर वखारीत उभी राहिली की बॅटरी झोपते. सेल्फ मारला की नुसता कण्हतो. मग हँडल मारायचं, नाहीतर चार हमाल बोलावून ढकलायची. दिवसभर मात्र गाडी ठणठणीत.

मी माझा बल्ब आणि वायरची भेंडोळी घेऊन गेलो. बारीकसा बल्ब, दोन वायरी, एवढंच माझं हत्यार. बॅटरीची वायर सोडायची आणि मध्ये बल्ब लावायचा. सगळं बंद असताना बल्ब जरा जरी लाल झाला, तरी समजायचं की वीज कुठून तरी गळतेय. लावला. बल्ब ढिम्म. डायनामो बघितला, बॅटरी भरत होता. बॅटरी भरतेय का ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा हवा तसा पुढे सरकत होता. दिव्यांच्या वायरी, हॉर्न, ब्रेकचा दिवा, सगळं तपासलं. उंदरांनी कुरतडलंय का ते बघायला सीटा काढल्या. दिसायला काहीच नाही.

मीटरच्या पाटीमागे हात घातला तेव्हा तिथे काळ्या फडक्याची एक पुरचुंडी टांगलेली दिसली. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, शेटाणीने बांधलीय, दृष्टीची. खडेमीठ, मोहऱ्या, बिब्बा, मिरच्या. गाडी नवी, लोकांची नजर वाईट. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ती अलगद बाजूला केली, मागचं दिसेल तेवढं बघितलं आणि परत होती तशी सोडली. दृष्टीच्या वस्तूला आपण हात लावत नाही. लष्करी वर्कशॉपात शिकलेलो, अमावास्येला नवं काम सुरू करणाऱ्यांची टिंगल करणारा मी, पण आमच्या आईने उतरून टाकलेल्या लिंबावर चुकून पाय पडला म्हणून लहानपणी खाल्लेला मार अंगात मुरला होता. हाताने काढावी असं मनातसुद्धा आलं नाही.

आठ दिवस मी त्या जीपच्या मागे लागलो. रोज दुपारी जायचो, कारण सकाळी दुकानात गर्दी. रोज दुपारी गाडी निर्दोष. रोज सकाळी शेटचा माणूस दारात. मला वेड लागायची पाळी आली. वखारीतले हमाल मला बघून हसायला लागले. एक जण म्हणाला, मिस्त्री आले, आता गाडी घाबरून चालू होईल. मी त्याला फाडकन बोललो, पण आतून जळफळत होतो.

मग शेटनीच एक गोष्ट काढली. लग्नसराई होती. खाडीकाठच्या गावांत वीज नव्हती आणि लग्नात लाउडस्पीकर वाजवायची नवी हौस आलेली. लाउडस्पीकरला बॅटऱ्या लागायच्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी ड्रायव्हर मालकाच्या गाडीची बॅटरी रात्रीपुरती भाड्याने द्यायचे आणि उजाडायच्या आत परत बसवायचे. बाळकुमकडचा असा एक जण पकडलेला मला ठाऊक होता. शेट म्हणाले, तुम्ही गाडीतला बिघाड शोधताय, पण बिघाड दोन पायांचा असला तर?

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. बिघाड दोन पायांचा असेल तर माझी अब्रू वाचत होती.

त्या दिवसापासून मी त्या माणसाकडे बघायला लागलो. डोळे लाल दिसले की वाटायचं, रात्री जागलाय. पायात नव्या वहाणा दिसल्या की वाटायचं, कुठून आल्या? मला बघून गप्प झाला तर चोर, बोलला तर लबाड. संशयाला काय, जे मिळेल ते पचतं. मी बॅटरीच्या पकडीवरच्या नटावर लाख वितळवून ओतली आणि तिच्यावर माझ्या अंगठीचा छाप उठवला. कुणी नट फिरवला तर लाख फुटणार. त्याला सांगितलं नाही. शेटना सांगितलं.

तीन दिवसांनी लाख फुटली. गंमत म्हणजे त्या सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झालेली. ते मला खटकायला हवं होतं. भाड्याने जाऊन रात्रभर लग्नात वाजलेली बॅटरी सकाळी इतकी ताजीतवानी कशी? मी तो प्रश्न बाजूला सारला. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मी पोस्टाकडून येत होतो तर हा समोरून गोणपाटात काहीतरी जड खांद्यावर घेऊन चाललेला. मला बघून गल्लीत वळला. गोणपाटाच्या कोपऱ्यातून बॅटरीची कड दिसत होती. मी धावत वखारीत गेलो. आज विचार केला की लाज वाटते, पण तेव्हा मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी शेटनी त्याला ओसरीवर उभं केलं. दिवाणजी होते, चार हमाल होते, माल बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं होती. शेटनी विचारलं, बॅटरी नेतोस का? तो म्हणाला, नेतो. कुठे? तर निर्वासितांच्या कॅम्पात एक जण बॅटऱ्या चार्ज करून देतो, त्याच्याकडे. सकाळी गाडी सुरू झाली नाही की तुम्ही ओरडता, म्हणून संध्याकाळी तिथे टाकतो आणि सकाळी लवकर घेऊन येतो. पदरचे पैसे देतो.

हमाल हसले. पदरचे पैसे देऊन मालकाची बॅटरी भरणारा ड्रायव्हर तोवर कुणी बघितलेला नव्हता. मी विचारलं, चार्जिंग तर माझ्याकडेही होतं, माझं दुकान वाटेत पडतं, माझ्याकडे का नाही आणलीस?

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी शेटला सांगितलं असतं. मंग शेट बोलला असता, गाडी तुझ्या हातात बिघडली."

ते मला झोंबलं. माझ्या तोंडावर, चार लोकांत, हा माझ्यावर संशय घेतो? संशय घ्यायचा हक्क जसा काही माझ्या एकट्याचा. शेट माझ्याकडे वळले आणि म्हणाले की आता तुम्हीच सांगा, तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही म्हणालात गाडीत काही बिघाड आहे, तर मी याला काही बोलणार नाही.

मी म्हटलं, "गाडीत दोष नाही."

बस्स, एवढंच म्हटलं. चोर म्हटलं नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो की मी त्याला चोर म्हटलं नाही. पण त्या वाक्यानंतर दुसरं काही उरतच नव्हतं. शेटनी किल्ली मागून घेतली. तो ओसरीवरून उतरला, जीपजवळ गेला, सीटखालची स्वतःची टोपी आणि फडकं काढून घेतलं आणि वखारीच्या फाटकातून निघून गेला. पुढे महिनाभरात मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती गोष्ट रंगवून सांगितली, लाखेच्या छापासकट. कल्याण, डोंबिवली, ठाणे, कुठल्याच मालकाने मग त्याला गाडी दिली नाही. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

कॅम्प माझ्या दुकानापासून दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर होता. आठ दिवस एकेक वायर सोडून तपासणारा मी तेवढं चालून त्या चार्जिंगवाल्याला विचारायला गेलो नाही. कारण विचारायचं काही राहिलंय असं मला वाटलंच नाही. आणि थोडं दुसरंही होतं. कॅम्पातली माणसं नवी आलेली, त्यांनी आमची गिऱ्हाइकं तोडली म्हणून आम्ही दुकानदार त्यांच्यावर खार खाऊन होतो. त्यांच्यातल्या एकाच्या दारात साक्ष मागायला जायचं माझ्या जिवावर आलं असतं.

शेटनी जीपवर आपला भाचा बसवला. थोडे दिवस बरे गेले. भाचा गाडी फार काढत नसे, आणि काढली तर हमाल ढकलायला होतेच. मग पाऊस लागला आणि आषाढात एका भर दुपारी जीप मुरबाड रस्त्यावर ठप्प झाली. बैल लावून ओढून आणली. शेटचा निरोप आला. आता बॅटरी नेणारा कुणी नव्हता.

या वेळी मी मीटरची पाटीच उतरवली. पाटी पुढे ओढली तशी ती पुरचुंडी माझ्या मनगटावर लोंबली आणि गार पाणी बाहीत गेलं. मी थबकलो. टपाची ताडपत्री तिथे गळत नव्हती. मग पाणी आलं कुठून? मी पुरचुंडीला बोट लावलं आणि जिभेला लावून बघितलं. खारट.

मिठाला पाणी सुटलं होतं. आपल्या घरात बरणीतल्या मिठाला सुटतं तसंच. पुरचुंडी टांगलेली बरोबर मीटरच्या पोस्टवर, म्हणजे वायर जोडायच्या स्क्रूवर, जिथून गाडीतली जवळजवळ सगळी वीज ये-जा करते. ते पाणी थेंब थेंब पोस्टवर झिरपून तांब्याची वायर हिरवीगार झालेली. मी चिमटीत धरली तर तिचं टोक हातात आलं. खाडीची दमट हवा, पहाटेचं दव, त्यात मीठ पाझरायचं आणि वीज हळूहळू लोखंडात मुरायची, बल्ब लावूनही कळू नये इतकी थोडी. सकाळी त्या कुजलेल्या जोडातून डायनामोची वीज धड बॅटरीपर्यंत पोचायची नाही. दुपारी मी जाईपर्यंत इंजिनाच्या उष्णतेने सगळं वाळून खडखडीत झालेलं, धक्क्यांनी जोड परत टेकलेला, काटा परत पुढे. मी रोज दुपारी जायचो.

सगळ्या जगावर संशय घेतला, आणि नाकासमोर लोंबत होतं ते सोडून दिलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी तिथेच सीटवर बसून राहिलो. भाचा विचारत होता, सापडलं का?

शेटना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग आत बघून आवाज खाली आणला आणि म्हणाले, हे घरात बोलू नका, ती उगीच मनाला लावून घेईल. मी ड्रायव्हरचं काढलं. शेट म्हणाले, बॅटरी तर त्याने नेलीच होती ना? न विचारता? पण त्यांना भाच्याचा कंटाळा आलेला. येत असेल तर येऊ दे म्हणाले.

मग मी कॅम्पात गेलो. बराकीच्या टोकाला ताडपत्री लावून एक वयस्क सिंधी गृहस्थ बसलेले, समोर फळीवर पाच-सहा बॅटऱ्या. मी कोपरच्या ड्रायव्हरबद्दल विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, हो, यायचा, संध्याकाळी टाकायचा, तांबडं फुटता न्यायचा. मग म्हणाले, "वो बोल के गया था, कोई पूछने आयेगा तो सच बता देना. मैं राह देखता रहा. आपने बहुत देर कर दी."

म्हणजे नोकरी गेल्याच्या दिवशी तो इथे आला होता. त्याला वाटलेलं, मिस्त्री आहे, सगळं तपासून बघणारा माणूस आहे, इथे येऊन विचारेलच. माझ्या संशयी स्वभावावर त्याने भरवसा ठेवला होता. मला त्या फळीसमोर इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी धड आभारही मानले नाहीत.

कोपरला गेलो तेव्हा पाऊस उघडलेला. तो खाडीच्या काठावर होडीतून रेती उतरवत होता. कमरेला लंगोट, डोक्यावर टोपली, डोळे खाऱ्या पाण्याने सुजलेले. मला बघून टोपली रिकामी केली आणि समोर येऊन उभा राहिला. बसा म्हणाला नाही. मी सगळं सांगितलं. त्याने रागाचा एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, बिघाड नेमका कुठे होता. मी म्हटलं, मीटरच्या मागे, पुरचुंडीखाली.

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मना वाटलंच व्हतं. बोट लावला त ओलं लागायचं. पन शेटाणीने बांधलेली. मी काढली असती त तुमी बोलले असते, यानेच कायतरी केलंन."

बोललोच असतो. तेच बोललो असतो, अंगठीचा छाप दाखवून.

शेट परत बोलावतायत असं मी सांगितलं. त्याने खाडीकडे बघितलं. म्हणाला, येतो. पण आधी एक काम करा. त्या दिवशी ओसरीवर जेवढे होते तेवढ्यांच्या समोर सांगा की गाडीत दोष होता आणि तो तुम्हाला सापडला नाही. दिवाणजी, हमाल, सगळे असताना. मग मी येतो. त्याच्या बोलण्यात अट घातल्याचा ताठा नव्हता. तान्ह्या मुलाचा बाप होता, परत बुड्या मारत होता, आणि एवढंच मागत होता.

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. परत येताना पूर्ण वाट मी ते वाक्य घोळवत होतो.

दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो. ओसरीवर सगळे होते. दिवाणजी, हमाल, आणि ठाण्याचा एक मोठा ठेकेदार बसलेला, ज्याच्याकडे चार ट्रक होते. शेटनी त्याच्याशी माझी ओळख करून दिली की आमचे मिस्त्री, कुठलाही बिघाड असो, यांच्या हातून सुटत नाही. ठेकेदार म्हणाला, मग आमचे ट्रकही तुमच्याकडे पाठवतो.

मी हात जोडून हसलो. चहा घेतला. ठेकेदार गेल्यावर शेटना एकट्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हटलं की दोष गाडीतच होता, माझ्या ध्यानात आला नाही. ते म्हणाले, अहो, ते मला ठाऊक आहे, तुम्हीच तर सांगितलंत. ओसरीवर हमाल विडी ओढत बसलेले. त्यांच्याकडे न बघता मी पायऱ्या उतरलो.

तो आला नाही. तो येणार नाही हे मला पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. ठेकेदाराचे ट्रक मात्र आले, आणि पुढे बारा वर्षं येत राहिले.